नाव आपलं, ओटीपी कुणाचा? अहिराणी लेखन स्वतःच्या डोमेनवर नेताना

जळगाव-धुळ्याकडे एखादी बंद पडलेली साइट दिसली आणि खोलात शिरलं, की बऱ्याचदा एकच गोष्ट निघते. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, साइट करून देणाऱ्याच्या खात्यात, त्याच्याच ईमेलवर घेतलेलं असतं. पोरगा पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, नूतनीकरणाचा ईमेल कुणीच वाचत नाही. नाव सुटतं आणि तिथे भलत्याच जाहिराती झळकू लागतात. साइट कशात केली, डिझाइन कसं आहे, हे प्रश्न नंतरचे. डोमेन हा या जागेचा सातबारा आहे आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघायचं.

आम्ही जे काम केलं ते अमळनेर पट्ट्यातल्या एका अहिराणी लिहिणाऱ्या गृहस्थांचं. त्यांना सगळे नानाच म्हणतात. साहित्य तीन ठिकाणी पसरलेलं: फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट, दिवाळी अंकांसाठी डीटीपीवाल्याकडे टाइप झालेले लेख, आणि आखाजी-कानबाई या खान्देशी सणांची गाणी फोनवर ध्वनिमुद्रित केलेली. हे सगळं एका पत्त्यावर आणायचं होतं, कारण दुसऱ्याची जागा कधीही बंद होऊ शकते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, कू जुलै २०२४ मध्ये. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली तेव्हा ज्या अहिराणी कलाकारांचा प्रेक्षक फक्त तिथेच होता, त्यांना तो दुसरीकडे नेता आला नाही. व्हिडिओ फोनमध्ये राहिले, पण बघणाऱ्यांची यादी कंपनीकडे.

डोमेन घेताना खातं नानांच्या ईमेलवर उघडलं. खरेदीचं बटण आम्ही दाबून दिलं तरी नोंदणीदार म्हणून नाव, पत्ता, मोबाइल त्यांचाच. त्यांचा पहिला प्रश्नही तोच होता: "नाव मन्हं, मंग ओटीपी दुसराना फोनवर कसाले?" नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवायचा नाही, हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं. डोमेन बंद पडलं की ईमेलही बंद, आणि ते सोडवण्याची लिंक येणार त्याच बंद ईमेलवर. डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणीनंतर १५ दिवसांत ईमेल पडताळणीच्या लिंकवर क्लिक करावं लागतं. ती स्पॅममध्ये पडून राहिली की चालू साइट अचानक दिसेनाशी होते आणि लोक होस्टिंगला, म्हणजे साइटच्या फाइली ठेवणाऱ्या सेवेला, दोष देत बसतात.

डॉट इन हे नाव निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत येतं. डॉट भारत हे देवनागरी नावही तिथलंच, २०१४ पासून. देवनागरी नाव बघायला छान वाटतं, पण आतून ते एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत साठवलं जातं. ईमेल, सरकारी फॉर्म, पेमेंटची पानं यांत ते सगळीकडे चालेलच असं नाही. आमचा सल्ला असा की मुख्य नाव रोमन घ्यावं आणि हौस असेल तर देवनागरी नाव घेऊन त्याच्याकडे वळवून द्यावं. रोमन नाव निवडताना फोनवर एकदा सांगून बघावं. समोरच्याने न विचारता बरोबर टाइप केलं तर नाव चालेल. दोन ई की एक आय, व्ही की डब्ल्यू, असे प्रश्न आले तर दुसरं शोधा. शेवटी आडनाव पाटील असेल तर नुसत्या आडनावाचा विचारच सोडून द्यावा.

पहिल्या वर्षाची सवलत बघून रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, निवडू नये. दुसऱ्या वर्षापासूनचा दर बघावा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. ऑटो-रिन्यूवर तर भरवसाच ठेवू नये. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. आधी ई-मँडेट, म्हणजे पैसे कापण्याची आगाऊ परवानगी, दिलेला नसेल तर कार्डावरून आपोआप पैसे कापले जात नाहीत, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे तर हे हमखास अडतं. पॅनेलवर 'ऑटो-रिन्यू चालू' असं हिरव्या अक्षरांत दिसत राहतं आणि पैसे मात्र जात नाहीत. एकदम पाच वर्षांचं भरून टाकावं. जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत भरता येतं.

मोबाइलच्या ओटीपीवरही सगळं टांगू नये. रिचार्ज न झालेलं सिम बंद होतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. खात्याला ऑथेंटिकेटर ॲप लावलं आणि रिकव्हरी कोड कागदावर छापून नानांच्या बँकेच्या फाइलमध्ये ठेवले. मग ट्रान्सफर लॉक चालू केलं, म्हणजे ते काढल्याशिवाय डोमेन दुसरीकडे हलवता येत नाही.

आधीच कुणाच्या खात्यात डोमेन अडकलं असेल तर भांडण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात. त्याचं आणि आपलं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर खात्यातून खात्यात 'पुश' करायला सांगावं. ते काम मिनिटांचं असतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा पासवर्ड, द्यायला सांगावा. डॉट कॉमला नवीन नोंदणी किंवा आधीच्या ट्रान्सफरनंतर ६० दिवस हलवता येत नाही, तेवढं थांबावं लागतं.

यानंतरचं काम सगळ्यात वेळखाऊ: जुना मजकूर बाहेर काढणं.

फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये स्वतःची माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. तारखांची मर्यादा 'ऑल टाइम' करावी, नाहीतर थोड्याच काळाचं हाती येतं. फोटोंचा दर्जा 'हाय' निवडावा. फाइल दोन प्रकारांत मिळते, ब्राउझरमध्ये उघडणारं एचटीएमएल किंवा प्रोग्रॅमला वाचायला सोयीचं जेसन. नुसतं वाचून ठेवायचं असेल तर एचटीएमएल पुरे. प्रत्येक पोस्टची वेगळी फाइल करायची असेल तर जेसन लागतं, आणि तिथे देवनागरीचा बट्ट्याबोळ झालेला असतो. जेसन उघडून मजकूर छापला की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चलनाचं गोल चिन्ह, किंवा तोच ए आणि येनचं चिन्ह, अशी जोडपी ओळीभर दिसतात. नानांना वाटलं लिखाण गेलं. गेलेलं नसतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, आणि फेसबुकच्या निर्यातीत त्या तीन बाइटना तीन सुटी लॅटिन अक्षरं समजून लिहिलेलं असतं. अक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटीपर्यंतची चिन्हं चलनाच्या चिन्हासोबत येतात. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त ही येनसोबत. उपाय एका ओळीचा: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तो मजकूर लॅटिन-१ म्हणून एन्कोड करायची आणि लगेच यूटीएफ-८ म्हणून डिकोड करायची. सगळी अक्षरं जागच्या जागी येतात.

त्याच फाइलमधली वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत असते आणि ती ग्रीनिचची. साडेपाच तास मिळवले नाहीत तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान लिहिलेल्या पोस्टवर आदल्या दिवसाची तारीख पडते. लोकांच्या कमेंट या निर्यातीत येत नाहीत. आखाजीच्या गाण्याखाली कुणी साक्रीकडचं वेगळं कडवं लिहिलेलं असेल तर ते हाताने उतरवून घ्यायचं, लिहिणाऱ्याला विचारून.

दिवाळी अंकांचे लेख ही आणखी वेगळी डोकेदुखी. डीटीपीवाल्यांकडचा जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत असतो, सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नाही. म्हणजे फाइलमध्ये रोमन चिन्हंच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी चेहरा देतो. म्हणून फाइल मागताना फॉन्टचं पूर्ण नावही मागावं, क्रमांकासकट, कारण फॉन्टमालिका बदलली की चिन्हांचा तक्ता बदलू शकतो आणि कन्व्हर्टरला चुकीचा तक्ता दिला की जोडाक्षरं कोसळतात. कोरल ड्रॉमध्ये मजकूर 'कर्व्ह' करून ठेवला असेल तर तिथे अक्षरं उरलेलीच नसतात, फक्त आकार असतात. त्यातून काही निघत नाही. पेजमेकरची आधीची फाइल आहे का विचारायचं, नसेल तर पुन्हा टाइप करायचं. पीडीएफवरून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं, चालतं, पण अहिराणीला ते मराठी समजतं आणि ओळखीच्या शब्दाकडे ओढतं.

कन्व्हर्टर चालवल्यावर चुका नेमक्या दोन जागी साठतात. श्रीलिपीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलट: तिथे अक्षरानंतर, इथे 'र्' आधी. अर्धवट कन्व्हर्टर हा क्रम फिरवत नाही. मग 'किती' चं 'िकती' होतं आणि 'वर्ष' चं 'वषर्'. प्रत्येक पान डोळ्यांनी वाचण्याआधी एडिटरमध्ये दोन शोध लावावेत: जागा सोडून लगेच वेलांटी आलेली सर्व ठिकाणं, आणि शब्द 'र्' वर संपतो ती सर्व ठिकाणं. मराठीत आणि अहिराणीत असे शब्द नसतातच, म्हणून जे सापडेल ते चूकच. तिसरा शोध 'ॲ' चा. काही कीबोर्ड त्याला एकच चिन्ह देतात, काही 'अ' वर चंद्र ठेवतात. दिसायला सारखं, शोधायला वेगळं. सगळीकडे एकच करून टाकावं. 'ऱ्या' मधल्या ऱ चंही तसंच. तो स्वतंत्र ऱ ने लिहिलेला असतो किंवा न दिसणाऱ्या जोडचिन्हाने.

अहिराणीच्या शुद्धलेखनाला मात्र हात लावला नाही. 'मन्हा', 'तुन्हा', 'शे', 'म्हनीसन' जसं नानांनी लिहिलं तसंच. असं लिखाण 'मराठीत नीट' करणारे लोक असतात, आणि फोनच्या कीबोर्डच्या सुचवण्याही तेच करतात. सुचवण्या बंद करूनच टाइप करावं. एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो तिथे, जसं आखाजी आणि अखाजी, दुसरं रूप पानाच्या टॅगमध्ये टाकलं. शोधणाऱ्याला सापडायला हवं.

पुढची रचना साधी आहे. प्रत्येक लेखाची मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीतली एक मजकूर फाइल, वर तारीख, शीर्षक आणि भाषा. त्यांपासून ह्यूगो नावाचा प्रोग्रॅम पूर्ण साइटची एचटीएमएल पानं बनवतो. वर्डप्रेस वाईट नाही, पण त्याला डेटाबेस लागतो, प्लगिनचे अपडेट लागतात, आणि सहा महिने कुणी लक्ष दिलं नाही तर कुणीतरी आत शिरतं. नानांसारख्या माणसासाठी लक्ष न देता टिकणारी साइट बरी. रोज चार जण लिहिणार असतील तर गोष्ट वेगळी.

फाइलींची नावं रोमन ठेवली, आणि त्यामागे कारण आहे. पत्त्यात देवनागरी टाकलं की कॉपी करताना प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. दहा चिन्हांचं शीर्षक म्हणजे नव्वद चिन्हांची शेपटी. व्हॉट्सॲपवर ती लिंक बघून लोक फसवणूक समजतात. पत्ता वर्ष आणि छोटं नाव एवढाच ठेवावा. त्यात सॉफ्टवेअरची खूण, डॉट पीएचपी वगैरे, नको, कारण उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी पत्ता तोच राहिला पाहिजे.

पानाच्या सुरुवातीला भाषेचा कोड द्यायचा असतो. बरेच जण साच्यात आलेला इंग्रजीचा 'ईएन' तसाच ठेवतात. मराठीचा 'एमआर', अहिराणीचा स्वतंत्र 'एएचआर'. हा कोड नुसता दाखवायला नसतो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'एमआर' दिला की ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाही दिला तर हिंदी वळणाचे. अहिराणीच्या परिच्छेदांना 'एएचआर' लावल्यावर ल आणि श फोनवर एकदा डोळ्यांनी तपासून घ्यावेत. फॉन्टला तो कोड ओळखता आला नाही तर वळण परत हिंदी होऊ शकतं. फॉन्टची फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या प्रकारात साइटवरच ठेवावी, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नये. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट दिलं. इंग्रजीसाठी पुरेशा असणाऱ्या १.४ मध्ये वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात.

गाण्यांचं ध्वनिमुद्रण मोनो एमपी३, ६४ केबीपीएस. गळ्याच्या आवाजाला तेवढं पुरतं आणि चार मिनिटांचं गाणं साधारण २ एमबीत बसतं. व्हॉट्सॲपवर आलेलं व्हॉइस नोट ओपस प्रकारात असतं. जुन्या आयफोनवर ते वाजत नाही, म्हणून बदलूनच चढवावं. मूळ मुद्रणं हार्ड डिस्कवर वेगळी. गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं त्यांना विचारूनच टाकली. ज्यांनी नको म्हटलं तिथे फक्त तालुका.

होस्टिंगसाठी गिटहब पेजेस ही सेवा घेतली. पैसे लागत नाहीत, साइटची मर्यादा १ जीबी. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवण्याचा उत्साह कुणाला आला तर थांबवावं. उन्हाळ्यातली वीज तर आहेच, शिवाय मोबाइल नेटवर बाहेरून पोहोचता येईल असा स्वतःचा आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटचा जुन्या पद्धतीचा आकडी, पत्ता मिळत नाही.

डीएनएस म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं त्याची नोंदवही. तिच्यात मूळ नावाला 'ए' प्रकारचे चार रेकॉर्ड: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसरा आकडा १०९, ११०, १११ असलेले आणखी तीन. पॅनेलमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे टाकायचे. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' ला सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड, तो गिटहबवरच्या खात्याच्या नावाकडे. टीटीएल, म्हणजे ही नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा, सुरुवातीला ३०० ठेवावा, सगळं बसलं की ३६००. इथे एक घोळ वारंवार होतो. रजिस्ट्रारने 'लवकरच येत आहे' या पानाचे स्वतःचे रेकॉर्ड आधीच टाकून ठेवलेले असतात. त्यातला ए रेकॉर्ड लोक काढतात, पण 'एएएए' नावाचा आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्याचा, रेकॉर्ड राहून जातो. मग ब्रॉडबँडवर नवी साइट दिसते आणि जिओवर जुनंच पान, कारण जिओचं नेटवर्क आयपीव्ही६ ला प्राधान्य देतं. करणारा म्हणतो मला दिसतेय, गावातले म्हणतात दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. जुने सगळे रेकॉर्ड पुसूनच नवे टाकावेत आणि तपासणी दोन वेगळ्या नेटवर करावी.

एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट आणि आपोआप मिळतं. रेकॉर्ड बरोबर असले तरी कधी दिवसभर लागतो. गिटहबच्या सेटिंगमधली 'एन्फोर्स' ची चौकट राखाडी दिसत असेल तर थांबावं, पुन्हा पुन्हा डोमेन काढून घालू नये. गिटहबच्या सेटिंगमध्ये डोमेनची पडताळणी टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराच्या, रेकॉर्डने करून ठेवावी. नाहीतर पुढे कधी साइट काढली आणि डीएनएस तसंच राहिलं, तर दुसरा कुणी त्या नावावर आपलं पान लावू शकतो.

ईमेल या नावावर घ्यायचा नसेल तरी एसपीएफचा टीएक्सटी रेकॉर्ड टाकावा, ज्यात या नावाने ईमेल पाठवायची कुणालाच परवानगी नाही असं सांगितलेलं असतं. त्यामुळे आपल्या नावाने खोटे ईमेल पाठवणं अवघड होतं. पुढे ईमेल सुरू केलाच तर तोच रेकॉर्ड बदलायचा, दुसरा जोडायचा नाही. दोन एसपीएफ रेकॉर्ड झाले की दोन्ही बाद धरले जातात.

साइट उभी राहिल्यावर ओळख जोडण्याचं काम. पहिल्या पानावर फोटो, नाव, गाव आणि फेसबुक, यूट्यूबच्या लिंक. या लिंकना कोडमधल्या 'आरईएल' मध्ये 'एमई', म्हणजे इंग्रजीतला 'मी', ही खूण लावतात. अर्थ एवढाच की पलीकडचं खातंही माझंच. पलीकडूनही साइटची लिंक हवी, तरच ते जुळतं. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर यामुळे लिंकपुढे हिरवी खूण येते. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर डोमेनच खात्याचं नाव म्हणून वापरता येतं, त्यासाठी डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड लागतो. खान्देशात आज या दोन्ही ठिकाणी वाचक फारसा नाही, तो फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच आहे. म्हणून नानांनी फेसबुक सोडलं नाही, फक्त क्रम बदलला. लेख आधी साइटवर जातो, मग तिकडे सुरुवातीच्या आठ-दहा ओळी आणि लिंक.

व्हॉट्सॲपवर लिंकसोबत चित्र आणि शीर्षक दिसावं यासाठी पानात ओपन ग्राफचे टॅग घालतात. चित्र १२०० बाय ६३०, वजन ३०० केबीच्या आत, आणि त्याचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण. ते चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवरच तयार होतं. लिंक पेस्ट करून लगेच पाठवलं तर नुसती निळी ओळ जाते. चित्र दिसेपर्यंत क्षणभर थांबायचं, एवढं नानांच्या गटातल्या सगळ्यांना सांगावं लागलं.

मजकुराच्या प्रती तीन: गिटहबवर, नानांच्या पेन ड्राइव्हवर आणि मुलाच्या लॅपटॉपवर. शिवाय वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात महत्त्वाची पानं हाताने जतन केली. मुलासाठी एका कागदावर रजिस्ट्रारचं नाव, खात्याचा ईमेल, रिकव्हरी कोड कुठे आहेत ते आणि डोमेनची शेवटची तारीख लिहून दिली. डॉट कॉमची तारीख उलटली तरी लगेच सगळं संपत नाही. रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात भरू देतो, त्यानंतर ३० दिवस जबर दंडासह परत मिळतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि नाव मोकळं होतं. नेहमीच्या दराचे दिवस प्रत्येक रजिस्ट्रारकडे वेगळे असतात, तेवढे त्याच्या अटींत वाचून त्याच कागदावर लिहून ठेवले.